साखर उतरल्यावर काय करायचं, ते गोळीसोबतच शिकवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
आणि मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन लिहून देणारे राज्यातले सर्व डॉक्टर

महोदय,

मी निवृत्त अधिपरिचारिका आहे. माझी बहुतेक नोकरी सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण रुग्णालयांत गेली, त्यातलीही बरीचशी रात्रपाळीत. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहिते आहे, ती आधी सांगते. रक्तातली साखर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन ज्या दिवशी सुरू होईल, त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी, रुग्णाला आणि त्याच्या घरातल्या किमान एका माणसाला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या पाहिजेत: साखर फार उतरली तर काय दिसतं, आणि तेव्हा काय करायचं. शिकवल्याची नोंद केसपेपरवर झाली पाहिजे. डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा सिस्टरच्या सवडीवर हे सोडू नये. तसा शासकीय नियम व्हावा.

मधुमेह शोधण्याचं काम आपल्या विभागाने मनापासून केलं आहे. 2010 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरू लागल्या, उपकेंद्रावर बोट टोचून साखर बघितली जाऊ लागली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींच्या पुढे गेले आहेत. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण देशात सर्वांत जास्त, 26.4 टक्के निघालं. इतकी माणसं वेळेत शोधली जातात हे चांगलंच आहे. पण हाती गोळी पडली की पुढचं शिक्षण "गोड बंद, भात कमी, रोज चाला" इथंच थांबतं. साखर वाढली की डोळे जातात, किडनी जाते, पाय कापावा लागतो, हे आता वाडीवस्तीवरच्या म्हातारीलाही माहीत आहे. ते खरंही आहे. मात्र वाढलेली साखर हे नुकसान वर्षानुवर्षं करत जाते. उतरलेली साखर माणसाला तासाभरात बेशुद्ध पाडू शकते, आणि तिच्याबद्दल त्या घरात कुणी कधी काही सांगितलेलं नसतं.

मेंदू चालतो तो ग्लुकोजवर, आणि त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा साठा नसतो. रक्तातून येत राहील त्यावर त्याचं भागतं. निरोगी माणसाची साखर उतरू लागली की शरीर आपणहून इन्सुलिन थांबवतं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनालिन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पण सुईने टोचलेलं इन्सुलिन शरीराला मागे घेता येत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर सहसा अशी उतरत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांना घाबरवायचं कारण नाही. आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे रुग्णाला कळलं तरी खूप झालं.

साखर 70 च्या खाली गेली की सावध व्हायचं. 54 च्या खाली म्हणजे धोका. आणि ज्याला स्वतःच्या हाताने काही घेता येत नाही, दुसऱ्याची मदत लागते, त्याची अवस्था गंभीर, मग मशीनवर आकडा काहीही येवो. आधी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, वखवखल्यासारखी भूक लागते. साखर आणखी उतरली की मेंदू चुकू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, शिव्या देतो, साखरपाण्याचा पेला ढकलून देतो, अडखळत चालतो. त्यापुढे फिट, मग बेशुद्धी. नेमकी मदतीची गरज असते तेव्हाच "मला काहीतरी द्या" हे सांगण्याची बुद्धी त्याच्यापाशी उरलेली नसते. म्हणून रुग्णाला एकट्याला शिकवून पुरत नाही. घरातलं माणूस समोर बसवून शिकवावं लागतं.

तसं न शिकवल्याने काय होतं, ते मी रात्रपाळीत पाहिलं आहे.

सत्तरीचे एक आजोबा लकवा झाला म्हणून जीपमधून आणले होते. उजवा हात लुळा पडलेला, वाचा गेलेली. नातेवाईक थेट जिल्ह्याला निघाले होते, वाटेत आमच्याकडे फक्त चिठ्ठीसाठी थांबले. बोट टोचलं तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं "लो". शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, दिलं. थोड्याच वेळात तोच हात हलला आणि आजोबांनी आपली टोपी कुठं आहे म्हणून विचारलं. साखर फार उतरली की अर्धांगवायूसारखी लक्षणं दिसू शकतात, हे पुस्तकात आहे. पण त्या जीपमधल्या कुणाला ते कुठून ठाऊक असणार? मागाहून कळलं की दोन दिवस ताप होता, पेजेच्या पाण्यापलीकडे पोटात काही नव्हतं, आणि गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ चालू होती. "गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही" असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. जेवण बंद असेल तर गोळीचं काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी एक बाई, पन्नाशीची, इन्सुलिनवर. नवरात्रात उठता-बसता उपवास सोडून तिने नऊ दिवसांचा कडक उपवास धरला होता. घटासमोर बसल्या जागी डोलायला लागली, घामाने भिजली, काहीबाही बोलू लागली. घरच्यांना वाटलं देवी अंगात आली. कुंकू लावलं, कापूर लावला, पाया पडले. फिट आली तेव्हा नाकाला कांदा आणि चप्पल लावली. आमच्याकडे आणेपर्यंत तीन तास होऊन गेले होते. ती जगली. पण मेंदू जास्त वेळ साखरेवाचून राहिला की झालेली इजा दरवेळी भरून येत नाही, आणि तिची आली नाही. पुढे सून तिला हात धरून तपासणीला आणायची.

तिसरी तऱ्हा म्हणजे "प्यायलाय, झोपू द्या". त्यात खरोखरच दारू प्यालेला असला तर धोका जास्त, कारण दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रात्री पिऊन, न जेवता झोपलेल्या मधुमेहाच्या रुग्णाची साखर पहाटे उतरू शकते. तोंडाला वास येतो म्हणून त्याला ओसरीवर पडू देतात, आणि सकाळी हाक मारली तर उठत नाही.

म्हणून पहिली विनंती आपल्याच यंत्रणेला. बेशुद्ध, भ्रमिष्ट, फिट आलेला, अचानक लुळा पडलेला कोणताही माणूस दारात आला की सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिण्याआधी, दारूचा शेरा मारण्याआधी, त्याचं बोट टोचा. मधुमेह आहे का, हे विचारत बसू नका. पोलीस ठाण्यात दारुडा म्हणून आणलेला माणूस शुद्धीवर नसेल, तर त्यालाही आधी दवाखान्यात आणा. एका पट्टीला वीस-पंचवीस रुपये पडतात. उपकेंद्रावर "पट्ट्या संपल्या" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. मशीन आहे आणि पट्टी नाही, म्हणजे मशीनच नाही.

आता घरात काय शिकवायचं, ते लिहिते. यातला बराचसा मजकूर छापून गोळ्यांच्या पाकिटासोबत देता येईल.

माणूस शुद्धीत असेल आणि गिळत असेल, तर साधारण 15 ग्रॅम साखर ताबडतोब पोटात गेली पाहिजे. चहाचे तीन-चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजायची, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. 15 मिनिटं थांबून पुन्हा साखर तपासायची. मशीन नसेल तर घाम, थरथर थांबली का ते बघायचं. फरक नसेल तर तेवढंच पुन्हा द्यायचं. बरं वाटलं की भाकरी, पोळी, पोहे, असेल ते खाऊ घालायचं, नाहीतर साखर परत उतरते. पेढा, लाडू, चॉकलेट यांवर भिस्त ठेवू नका. त्यातलं तूप आणि खवा साखर रक्तात जायला उशीर लावतात. आणि साखरेच्या पर्यायी गोळ्या घातलेला चहा या वेळी अगदी निरुपयोगी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण मधुमेह निघाला की पुष्कळ घरांतून साखरेचा डबाच हद्दपार होतो आणि ऐन वेळी हाताशी येते ती तीच गोड गोळी. मधुमेह्याच्या घरात, आणि त्याच्या खिशात, साखर असलीच पाहिजे. हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

एक बारकावा डॉक्टरांसाठी. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं मिळून एक गोळी सर्रास लिहिली जाते. व्होग्लिबोज साखरेचं पचन लांबवतं, तेच त्याचं काम आहे. त्यामुळे अशा रुग्णाला घरातली साखर किंवा गूळ दिला तर उतार पडायला वेळ लागतो. त्याला ग्लुकोज पावडरच लागते, ग्लुकोन-डी सारखी. ही गोळी लिहिताना पावडरचा डबाही त्याच चिठ्ठीवर लिहा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा फिट चालू असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखरपाणी नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. कुशीवर वळवायचं, तोंडातला फेस बाहेर येऊ द्यायचा, 108 ला फोन लावायचा आणि "मधुमेहाचा रुग्ण आहे, साखर उतरली असेल" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. आपल्या राज्यात 108 ची गाडी 2014 पासून डॉक्टरसह येते, त्यामुळे दवाखाना गाठेपर्यंत वाट बघावी लागत नाही. रुग्णाच्या सगळ्या गोळ्या, इन्सुलिनची बाटली आणि सुई पिशवीत घालून सोबत द्या.

यानंतरचा टप्पा सगळ्यात फसवा. शिरेतून ग्लुकोज गेलं की माणूस डोळे उघडतो, ओळखू लागतो, चहा मागतो. नातेवाइकांना वाटतं झालं, आणि ते घरी न्यायची घाई करतात. रात्रीच्या वेळी आमच्यातलेही काही जण "बरे दिसतात, न्या" म्हणतात. पण सलाइनमधलं ग्लुकोज लवकर खर्च होतं, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड शरीरात तसंच काम करत असतं. किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त वेळ. माणूस घरी जाऊन झोपतो आणि झोपेतच साखर पुन्हा उतरते. गोळ्यांमुळे साखर उतरलेल्या रुग्णाला किमान 24 तास ठेवून घ्यायचं, ठराविक वेळाने बोट टोचत राहायचं, असा लेखी आदेश प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावलेला असावा. खाट नाही म्हणून तो मोडू नये.

डॉक्टरांना आणखी थोडं लिहायचं आहे. तुमच्यासोबत आयुष्यभर काम केलं, म्हणून हक्काने लिहिते.

"आजोबांचं एचबीएवनसी सहावर आणलं" हे कौतुकाने सांगितलेलं मी ऐकलं आहे. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी, टक्क्यांत. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर रुग्णांना घेऊन अकॉर्ड नावाची मोठी चाचणी झाली. एका गटाची एचबीएवनसी 6 च्या खाली नेण्याचा प्रयत्न होता. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून फेब्रुवारी 2008 मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. साखर गंभीर उतरण्याचे प्रसंगही त्याच गटात कितीतरी जास्त होते. मृत्यू त्यामुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही, हे मला माहीत आहे. पण हृदयविकार असलेल्या, वय झालेल्या माणसाची साखर हट्टाने खाली रेटू नये, एवढं त्यातून जगाने घेतलं. अनेक आजार असलेल्या, स्मृती कमी झालेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी एचबीएवनसी 8 च्या आत असली तरी चालते, असं आता अमेरिकेच्या मधुमेह संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. गावाकडे मुलगा पुण्या-मुंबईला, आणि आई एकटी, एक वेळ जेवणारी. तिच्या चिठ्ठीवर तिचं जगणं दिसायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत स्पष्ट लिहिलं आहे की ग्लिबेनक्लामाइड साठीच्या पुढच्या माणसांना योग्य नाही. तरी म्हाताऱ्या माणसांच्या पिशवीत ती गोळी मी पाहत आले, वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दुकानात दाखवून आणलेली. साठीपुढच्या प्रत्येकाची ही गोळी बदलून घ्या, आणि या जातीची कोणतीही गोळी चालू असेल तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहिताना मधुमेहाची अशी गोळी चालू आहे का, ते विचारा. या जातीच्या प्रतिजैविकांनी साखर धोकादायक उतरून रुग्ण कोमात जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला आहे. आणि रुग्ण सोबत कोणतं "शुगरचं चूर्ण" घेतो, तेही विचारा. वनस्पतींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड मिसळल्याचं अनेक देशांत उघड झालं आहे. 2008 मध्ये सिंगापूरमध्ये अशा भेसळीने मधुमेह नसलेली माणसंही साखर उतरून रुग्णालयात आली आणि काही दगावली. आठवडी बाजारात बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात, तिकडे अन्न व औषध प्रशासनाचं लक्ष हवं.

इन्सुलिनच्या सुईबद्दल सविस्तरच लिहायला हवं. आपल्या देशात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिटचं असतं, म्हणजे 1 मिलित 40 युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं इन्सुलिन 100 युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं, पेनची सुई संपली, म्हणून कुणी पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि रोजच्या सवयीने 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. अडीच पट. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला ती रेघ, ती टोपी, तो बारीक आकडा कुठून दिसणार? औषध दुकानदार सिरिंज देताना बाटली बघायला मागत नाही. माझी मागणी आहे की इन्सुलिनची बाटली दाखवल्याशिवाय सिरिंज विकू नये, आणि सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन देताना सिरिंज सोबतच द्यावी, बाहेरून आणायला सांगू नये. एकाच जागी टोचून टोचून पोटावर गाठ झालेले रुग्णही पुष्कळ असतात. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस वाढत जातो. आणि एखाद्या दिवशी चांगल्या जागी सुई पडली की तोच वाढलेला डोस साखर एकदम खाली नेतो. इन्सुलिन देणाऱ्याने दर भेटीत रुग्णाच्या पोटावरून एकदा हात फिरवला तर हे कळतं.

उपवासाचं काय करायचं? "उपवास करू नका" एवढं सांगून आपण मोकळे होतो, आणि रुग्ण मान डोलावून घरी जाऊन उपवास करतोच. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र, त्यात हरतालिकेला पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याच्या उपवासात साखर वाढते, निर्जळीत उतरते, आणि दोन्हीला आपल्याकडे उपवासच म्हणतात. रमजानच्या रोजांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मार्गदर्शिका काढली आहे: आधी डॉक्टरांना भेटा, डोस बदलून घ्या, मधे साखर तपासा, 70 च्या खाली गेली तर रोजा सोडा. एकादशी-नवरात्रासाठी तसंच एक पान आपल्या विभागाने मराठीत काढावं. किर्तनकार आणि गावचे पुजारी यांच्या तोंडून ते गेलं तर आमच्या सांगण्याहून जास्त पोचेल. देवाला कुणाचा जीव नको आहे, हे त्यांनी सांगितलं की बायाबापड्यांना पटतं.

वारीतही हेच. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचं, जेवण दिंडीत मिळेल तेव्हा, आणि गोळी घरच्याच वेळेला. चालण्याने, कष्टाने साखर खर्च होते ती त्या वेळेपुरती नाही. स्नायू आपला साठा भरून काढत राहतात, त्यामुळे रात्री झोपेतही साखर उतरू शकते. पालखी मार्गावर आपल्या विभागाचे दवाखाने असतात, फार मोलाचं काम ते करतात. तिथं वारकऱ्यांचे पाय चेपताना त्यांच्या गोळ्याही बघितल्या जाव्यात. ऊसतोड मजुरांची तर वेगळी कथा. पहाटे कोयता हाती घेतलेल्या माणसाचं जेवण ट्रॅक्टर भरेपर्यंत होत नाही. कारखान्याच्या हंगामात टोळीच्या मुक्कामी आरोग्य तपासणी होते, तेव्हा मधुमेहाची गोळी देताना तो माणूस कधी जेवतो, हे विचारून वेळ लिहून द्यावी.

वरचेवर साखर उतरणाऱ्यांचा धोका निराळाच आहे. त्यांचं शरीर सूचना द्यायचं बंद करतं. घाम नाही, थरथर नाही, सरळ भ्रम आणि बेशुद्धी. काही आठवडे साखर उतरू न देता काढले, तर सूचना पुष्कळदा परत येतात, म्हणून अशा रुग्णाचा डोस ताबडतोब कमी करायला हवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम तेवढा राहतो. सकाळी उशी भिजलेली असणं, वाईट स्वप्नं, उठल्यावर जड डोकं, ही रात्री साखर उतरल्याची चिन्हं असू शकतात. घरातल्या बाईला हे विचारलं की ती लगेच सांगते. आपण विचारत नाही.

मुलांसाठी स्वतंत्र पत्र लिहायला हवं, पण इथं थोडक्यात. टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा मुलाला इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही, त्यामुळे साखर उतरणं त्याच्या आयुष्यात असणारच. सीबीएसईने 2017 मध्ये अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत गोड गोळ्या, फळं, खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून इंग्रजी शाळेपर्यंत प्रत्येक वर्गात, वर्षभर, ही मुभा हवी. तासाला खाल्लं म्हणून मुलाला उठाबशा काढायला लावू नयेत, आणि घाम फुटलेल्या मुलाला एकट्याला "ऑफिसात जा" म्हणून धाडू नये. सोबत कुणीतरी पाठवा.

या मुलांच्या घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असायला हवं. बेशुद्ध मुलाला आई ते मांडीत देऊ शकते. मोठ्याला 1 मिलिग्रॅम, 25 किलोखालच्या मुलाला अर्धं. दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येते. नंतर उलटी होण्याची शक्यता असते, म्हणून कुशीवर ठेवायचं. उपाशीपोटी किंवा दारू प्यालेल्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते यकृतातल्या साठ्यावर चालतं, आणि साठाच नसेल तर देणार काय? पण मुलांना ते वाचवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तालुक्याच्या गावात मात्र दुकानदार "मागवावं लागेल" म्हणतो, आणि किंमत ऐकून आई-बाप गप्प होतात. टाइप 1 च्या प्रत्येक नोंदलेल्या मुलाच्या घरी एक आणि त्याच्या शाळेत एक ग्लुकागॉन शासनाने मोफत द्यावं, मुदत संपली की बदलून द्यावं. राज्याच्या तिजोरीला यात जड काही नाही.

उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्याकडे पट्ट्या, ग्लुकोज पावडर, शिरेतून देण्याचं डेक्स्ट्रोज आणि ते द्यायचा लेखी अधिकार असावा. आशाताईंच्या पिशवीत ग्लुकोज पावडरचं पाकीट असावं, आणि साखर उतरलेल्या माणसाला वेळेत ओळखून पाठवल्याबद्दल त्यांना मोबदला मिळावा. त्यांच्याकडून कामं करून घेताना आपण फार गृहीत धरतो.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. असंसर्गजन्य आजारांच्या नोंदीत रुग्णाचा रक्तदाब, साखर, एचबीएवनसी सगळं लिहिलं जातं. "मागच्या भेटीनंतर साखर उतरली होती का, दुसऱ्याने मदत करावी लागली का" असा रकाना मी माझ्या नोकरीत एकाही वहीत पाहिला नाही. तो घाला. दर महिन्याच्या अहवालात तो आकडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यापासून आपल्यापर्यंत येऊ द्या. ज्या रुग्णासमोर "हो" लिहिलं जाईल, त्याची चिठ्ठी त्या आठवड्यात डॉक्टरांनी नव्याने तपासावी, डोस कमी करावा, आणि घरच्या माणसाला परत बोलावून शिकवावं. या शिकवणुकीला दहा मिनिटं लागतात. ज्या बाह्यरुग्ण विभागात दिवसाला दोनशे रुग्ण येतात तिथं दहा मिनिटं मोठी आहेत, हे मी जाणते. म्हणून त्यासाठी एका परिचारिकेची जागा मंजूर करा. ती जागा भरली गेली तर नव्या मुलींना शिकवायला मी येईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
जिल्हा सातारा